पिलांवरची मरळ

हौसाआत्याचा उजवा अंगठा माशाच्या कल्ल्यावरच्या झाकणावर टेकायचा, तिथून पाठीकडे जरासा सरकायचा आणि मग मासा ज्याच्या त्याच्या पाटीत पडायचा. कटला, रोहू, चिलापी, पुन्हा चिलापी. सगळं पापणी लवायच्या आत. पण पूर्वी हा अंगठा टेकत नसे. पूर्वी ती मासा शेपटीला धरून उचलायची आणि उचलताउचलताच फेकायची. मी बर्फाच्या शेडच्या दारात, खांद्यावरची पिशवीही न उतरवता, एवढासा फरक पाहत उभी होते. एकही मासा चुकीच्या पाटीत पडत नव्हता, हे मी पाहून घेतलं आणि त्या अंगठ्याचा विचार तिथेच सोडून दिला.

आमची भोयांची वस्ती उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याला लागून आहे. आई गेली तेव्हा मी फार लहान होते. वडिलांनी दुसरा संसार मांडला आणि त्यांच्या विधवा बहिणीने, हौसाआत्याने, मला उचलून इथे आणलं. तिने मासे धरून, मासे निवडून मला शिकवलं. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले, माशांवरच प्रबंध लिहिला. त्या वर्षी, गौरी-गणपती झाल्या झाल्या, माझ्यापुढे दोन जागा होत्या. एक कोचीनच्या संशोधन संस्थेतली. दुसरी तालुक्याच्या कॉलेजात शिकवण्याची, जिथून संध्याकाळी एसटीने घरी येता आलं असतं. कोचीनच्या लोकांनी माझं 'विचार करून कळवते' दोनदा ऐकून घेतलं होतं. तिसऱ्यांदा ते ऐकणार नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन करायचा होता.

मी आत्याला पाहायला आले होते. ती एकटी निभावून नेत असेल तर कोचीन, नसेल तर तालुका, असा माझा हिशेब होता. तो मी तिला सांगितलेला नव्हता.

"आली व्हय गं शाले," ती पाटीतून मान वर न करता म्हणाली. मी अजून तोंड उघडलेलं नव्हतं. पावलावरून ओळखलं असेल, असं मला वाटलं, आणि ते खरंही होतं.

निवृत्तीमामा होडीतून क्रेट उतरवत होते. शेजारच्या घरातले, आत्याच्या बरोबरीचे, आणि थट्टेला कधी न थकणारे. मला पाहून म्हणाले की, मास्तरीणबाई आल्या, आता चिलाप्यांनी रांगेत उभं राहायला पाहिजे. मग त्यांनी क्रेटमधला एक मासा उचलून उंच धरला. आमच्यापासून दोनचार हातांवर असतील.

"हौसाक्का, ही कोण ते सांग."

आत्याने कपाळावर आडवा हात धरला. "रोहू हाय की. तुला दिसंना झालं का?"

तो कटला होता. कटल्याचं डोकं त्याच्या अंगाला शोभणार नाही एवढं मोठं आणि तोंड वरच्या बाजूला उघडणारं. आमच्या वस्तीतलं रांगणारं पोरही त्याला रोहू म्हणणार नाही. निवृत्तीमामा हसले, पण नेहमीसारखे गडगडून नाही. मासा खाली ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या त्यांची फिरकी घेते आहे असं मी समजले आणि मीही हसले. तरी मला ती फिरकी नीट कळली नव्हती. आत्याच्या थट्टेला टोक असायचं. या थट्टेला नव्हतं.

घरी आल्यावर तिने चूल पेटवली, भाकरी थापल्या, कालवण केलं. मीठ बरोबर होतं. ज्या फळीवर जे असायचं ते तिथेच होतं, किंबहुना नको इतकं तिथेच होतं. मी तिखटाचा डबा वापरून दुसरीकडे ठेवला तर ती चटकन म्हणाली, "हलवू नगं काय." मी डबा जागेवर ठेवला. आत्याचा स्वभाव वयाबरोबर कडक होत चालला आहे, असं मी मनात नोंदवलं.

मग मी प्रबंधातली चित्रं काढली. ती तिला दाखवायचीच असं ठरवून आणली होती. प्रत्येक मासा मी समोर ठेवून, पाठीवरचा काटा न् काटा मोजून, शाईने काढला होता. माझ्या सरांनी त्यातल्या वामीच्या चित्राला हात लावून, छापल्यासारखं आहे, असं म्हटलं होतं. मी तेच वर ठेवलं. आत्या कागद घेऊन दारातल्या उजेडात गेली आणि बराच वेळ उभी राहिली.

"मरळ झकास काढलीस," ती म्हणाली. "पट्टं बी आल्यात."

वाम आणि मरळ दोन्ही लांबोडक्या, एवढंच त्यांच्यात सारखं. वामीचं तोंड चिंचोळं, सोंडेसारखं पुढे आलेलं. मरळीचं सापासारखं चपटं. आत्याने आयुष्यभर दोन्ही धरल्या होत्या. माझा चेहरा तापला. मी म्हणाले, "आत्या, नीट बघ." ती म्हणाली, "बगितलं की. झकास हाय." आणि कागद दुमडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून तिने तो मला परत दिला.

त्या संध्याकाळी मी पुष्कळ तर्क केले. एक, ती रागावली आहे आणि मुद्दाम चुकीचं बोलते आहे. दोन, तिची आठवण जात चालली आहे. पण रागावलेली बाई चित्र इतकं जपून परत देत नाही. आणि जिची आठवण जाते तिला माझ्या चुलत्यांच्या चारही सुनांची माहेरं सांगता येत नाहीत. आत्याने जेवताना ती सांगितली होती, कुणाच्या लग्नात काय वाढलं होतं तेही. माझं निरीक्षण आणि माझा तर्क एकमेकांना चिकटत नव्हते. मी कंटाळून विचारलं, "तुला जमतंय ना गं एकटीला?"

"न जमायला काय झालं?"

"तसं नाही. मी लांब गेले तर."

"लांब म्हंजी?"

मी पुन्हा कोचीन म्हणजे किती लांब ते सांगितलं. पुन्हा तालुक्याच्या जागेचंही सांगितलं. ती ऐकून घेत होती. तिने 'जा' म्हणावं, नाहीतर 'राहा' म्हणावं, यातलं काहीतरी एक मला हवं होतं. कोणतं ते मला कळत नव्हतं. तिने दोन्ही म्हटलं नाही.

"तुझं तू बघ," ती म्हणाली. "सकाळी मरळ धरू. मरळ खा, मग काय तो फोन लाव. तुज्या हातानं वल्हव, म्या गळ टाकते. बघ मग, जमतंय का न्हाई ते."

पावसाळ्यानंतर धरण भरलं की जुनी शेतं पाण्याखाली जातात आणि बांधावरच्या बाभळींचे फक्त शेंडे वर राहतात. त्या शेंड्यांच्या आडोशाला, गवताळ उथळ पाण्यात मरळ असते. ती नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते. घोटाचा आवाज येतो, रिकाम्या बाटलीचं बूच काढल्यासारखा. आत्या त्या आवाजावर मरळ शोधायची. निवृत्तीमामांची पत्र्याची होडी मागून घेऊन आम्ही सकाळीच निघालो. आत्या पुढच्या टोकाला बसली. डोक्यावरचा पदर तिने कपाळावर खूप खाली ओढला होता, ऊन लागतं म्हणून. हातात बांबूची काठी, तिला जाड दोरी, दोरीला गळ आणि गळाला पाठीच्या कातडीतून अडकवलेली जिवंत बेडकी. ही बेडकी पाण्यावर नाचवायची. मरळ भुकेने येते, नाहीतर रागाने येते.

रागाने म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मरळ अंडी घालून निघून जात नाही. नर-मादी पिलांवर राखण करतात. पिलं लहान असताना लाल असतात आणि सगळी एका ढगात फिरतात. हवेसाठी वर आली की तेवढ्याच जागेत पाणी उकळल्यासारखं बारीक बुडबुडतं. त्या ढगाच्या खाली राखणदार मरळ असते. तिथे काहीही पडलं तरी ती धावून येते, भूक असो नसो. म्हणून मरळ धरायची सर्वांत सोपी रीत म्हणजे लाल ढग शोधायचा आणि त्यावर बेडकी टाकायची. वस्तीतली माणसं तसंच करत. आत्याच्या घरात ते चालत नसे. मी शाळेत असताना एकदा तशी मरळ धरून मोठ्या ऐटीत घरी आणली होती. आत्याने माझी काठी गुडघ्यावर मोडली, मरळ दुसऱ्याच्या घरी देऊन टाकली आणि मला दिवसभर काठावर बसवून ती पिलं दाखवली. चिलाप्या, शिंगटे, पाणकावळे, ज्याला जमेल तो येऊन खाऊन जात होता. संध्याकाळपर्यंत पाणी नुसतंच पाणी झालं. "पिलांवरची मरळ धरायची न्हाय," एवढंच ती म्हणाली होती. नंतर तिला ते कधी पुन्हा सांगावं लागलं नाही.

तर बाभळींपाशी आल्यावर मी वल्हं हळू केलं. उजव्या बाजूला, होडीपासून जवळच, मला तो ढग दिसला. कुंकवाचं पाणी सांडल्यासारखा तांबूस, ताटाएवढा. वर येऊन बुडबुडला आणि पुन्हा खाली बसला. मी न सांगता होडी डावीकडे वळवायला घेतली.

"फिरवू नगं," आत्या म्हणाली. "हितंच घोट घेतला तिनं."

मला वाटलं, ढगापलीकडे दुसरी मरळ असेल. मी थांबले. आत्याने मान किंचित तिरकी करून ऐकलं, काठी वर घेतली आणि बेडकी बरोबर त्या लाल ढगाच्या मधोमध टाकली.

तिने हा नियम कधी सोडला? माझ्यासाठी सोडला का, मी जाणार म्हणून, काहीही करून मरळ खाऊ घालायची म्हणून? की मला काही दाखवायचं आहे? बेडकीने दोन हिसके दिले. पिलं फाकली. मग खालून पाणी फुटलं आणि काठी वाकली.

आत्याने मरळ फार सुंदर काढली. दोरी ढिली न सोडता, घाई न करता, बाभळीच्या काट्यांतून वाट काढत. होडीत घेतल्यावर तिने ती गुडघ्यांत धरली, अंगठा डोक्यावरच्या खवल्यांवरून मागे नेला आणि म्हणाली, "पट्ट्याची. शेराच्या वर भरंल. बघ, जमतंय का न्हाई." तिच्या आवाजात आनंद होता. निखळ आनंद, चोरटेपणाचा लवलेश नसलेला.

फाकलेली पिलं पुन्हा गोळा झाली होती. ती होडीच्या उजव्या अंगाला आली, पत्र्याला जवळजवळ चिकटून, आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी फिरू लागली.

"आत्या," मी म्हणाले, "पिलं आहेत."

"कुठं?"

आणि तिने डावीकडे पाहिलं.

पिलं उजवीकडे होती. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, भर उन्हात, लालभडक.

मग सगळं आपोआप लागत गेलं. पाटीतले मासे तिने अंगठ्याने ओळखले होते, चूक एकही नव्हती. निवृत्तीमामांचा कटला लांब होता, तो चुकला. कागदावरच्या वामीला अंग नव्हतं, ती चुकली. तिखटाचा डबा. माझी पावलं. पाण्यातला घोट ऐकू आला. पिलांना आवाज नव्हता. जे हाताला लागलं आणि कानावर आलं ते बरोबर होतं, आणि जे फक्त दिसायचं होतं ते चूक होतं. मी पुढे सरकले आणि तिच्या कपाळावरचा पदर मागे केला. ताज्या माशाचा डोळा काचेसारखा असतो, बर्फात दोन दिवस काढलेल्याचा धुरकटतो, हे मला लहानपणी तिनेच शिकवलं होतं. मी तिच्या दोन्ही डोळ्यांत पाहिलं.

मी ओंजळ पाण्यात घातली. दोनचार पिलं त्या पाण्याबरोबर वर आली. मी तिचा हात ओढून घेतला आणि ओंजळ तिच्या तळव्यात रिती केली.

तिचा अंगठा हळूच तळव्यावर आला. तिथेच थांबला.

"आगं आई गं," ती अगदी हळू म्हणाली.

तिने तळवा पाण्यात बुडवून पिलं सोडली. मग गुडघ्यांतली मरळ सैल केली, जबड्याच्या कोपऱ्यातला गळ चाचपून उलटा फिरवून काढला आणि दोन्ही हातांनी तिला पाण्यात धरून ठेवलं. मरळ काही वेळ तशीच राहिली. कल्ले हलत होते. मग शेपटीने एक फटका मारला आणि खाली गेली.

"आली का पिलांवर?" आत्याने विचारलं.

पाणी गढुळलं होतं. खालचं मला काही दिसत नव्हतं. पण पिलांचं इकडून तिकडे पळणं थांबलं होतं. ती एकत्र, एकाच दिशेने, बाभळीच्या बुंध्याकडे चालली होती.

"आली," मी म्हणाले.

तिने ओले हात पदराला पुसले. मग तिने सांगितलं. एक डोळा मागच्या वर्षीच गेला होता. दुसऱ्यात दिवाळीपासून दुधासारखं यायला लागलं. माणूस दिसतं, त्याचं तोंड दिसत नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एकदा जाऊन आली होती. मोतीबिंदू आहे, काढला की दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. आणि पुढे असंही म्हणाले की, महिनाभर डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, वाकायचं नाही, घरात कोणीतरी पाहिजे.

"मग मला का नाही कळवलंस?"

"कळवलं असतं तर तू आली असतीस."

"आलेच असते."

"आन् ऱ्हायली असतीस," ती म्हणाली. "महिना म्हनून आली असतीस, मग तालुक्याला लागली असतीस. म्या वळकते की तुला."

हे खरं होतं. इतकं खरं, की मला राग आला. मी तिला म्हणाले की, आता तरी काय वेगळं होणार आहे. आजच तालुक्याच्या कॉलेजला हो म्हणून सांगते. तुझे डोळे करू, मग बघू. वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला हलकं वाटलं, आणि लगेच, का हलकं वाटतंय ते कळेना. कोचीनला न जायला कारण सापडलं म्हणून, की तिने लपवलेलं एकदाचं उघड झालं म्हणून?

आत्याने काठी होडीत आडवी ठेवली. "मंग डोळं करनार न्हाई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू तालुक्याला गेलीस तर म्या डोळं करनार न्हाई. हाय तसं चालतंय. मासं निवडता येत्यात." ती दोरी काठीला गुंडाळू लागली. "आदी तुझा फोन. हिकडं न्हाय, कोचीनला. म्या शेजारी बसनार. मंग मला कुटं न्यायचं तिकडं ने."

मी तिला पुष्कळ समजावलं. हा हट्ट आहे, याला काही अर्थ नाही, डोळ्यांचा आणि नोकरीचा सौदा करायचा नसतो. ती पाण्याकडे तोंड करून बसली होती. त्यातलं तिला काय दिसत होतं कोण जाणे. शेवटी म्हणाली, "वल्हव. दुपार हुईल."

काठावर निवृत्तीमामा उभे होते. मरळीशिवाय परतलेली होडी पाहून त्यांनी काही थट्टा केली नाही. आत्याला हात देऊन उतरवून घेतलं, आणि ती पुढे गेल्यावर मला हलक्या आवाजात म्हणाले, "म्हनून तर काल मासा वर धरला व्हता. तू शिकलेली, तुला तरी कळंल म्हनून." मग म्हणाले, माझी सून घरातच असते, महिनाभर हौसाक्काचं पाणी-सरपण ती बघेल, तिला हे आत्तापर्यंत शंभरदा सांगून झालं, पण ती ऐकते कुणाचं.

बर्फाच्या शेडशेजारी तेव्हा नवाच टेलिफोन बूथ झाला होता. काचेची खोली, एक स्टूल, एक फोन. दोघी आत मावत नव्हतो. आत्या स्टुलावर बसली, मी तिच्यासमोर वाकून उभी राहिले, दार अर्धं उघडंच राहिलं. तिच्या हाताला माशांचा आणि बाभळीचा वास येत होता. मी नंबर फिरवला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही लागला नाही, आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं तिला कळलं असावं, कारण ती म्हणाली, "परत लाव."

तिसऱ्यांदा लागला. पलीकडे घंटा वाजत असताना आत्याने हात वर केला, माझ्या चेहऱ्यावर चाचपला आणि अंगठा माझ्या कानाखाली, जबड्याच्या सांध्यावर टेकवला. तिला माझं तोंड दिसत नव्हतं. मी खरं बोलते की नाही, ते ती असं पाहणार होती.

पलीकडून एका माणसाने इंग्रजीत माझं नाव विचारलं. मी सांगितलं. कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं की, शेवटी काय ठरलं आहे आपलं?

काय ठरलं होतं? मला आजही सांगता येत नाही. तिच्या डोळ्यांसाठी बोलत होते की माझ्यासाठी, हे मी तेव्हापासून पुष्कळदा तपासून पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं आलं आहे. बूथच्या काचेतून पाणी दिसत होतं, बाभळींचे शेंडे दिसत होते. मी इंग्रजी वाक्य मनात जुळवत होते, आणि ते जुळत नव्हतं. जबड्यावरचा अंगठा जरासा दाबला गेला.

"येते," मी मराठीतच म्हणाले. "मी येते."